उशिरा येणाऱ्याची जागा

रविवारी उपासना सुटली की जेवायला माईच्या भावाच्या, मिस्त्रीच्या घरी जमायचं, हा नियम आई गेल्यापासून कुणी मोडला नव्हता. भांडणं झाली, अबोले झाले, एकदा तर माईने आणि मिस्त्रीने एकाच टेबलाशी बसून मीठ तिसऱ्याकरवी मागितलं. पण जेवण चुकलं नाही. एरवी या टेबलाशी सगळे बोलत आणि ऐकायला कुणीच नसे. आज मात्र नुसते चमच्यांचे आवाज येत होते आणि त्यांत माईला आपल्याच चमच्याचा आवाज सगळ्यांत मोठा वाटत होता.

माई भावंडांत थोरली. लग्न केलं नाही, जन्मभर मुलींना शिवणकाम शिकवलं, आणि आता गुडघे सोडले तर कशाचीही तक्रार न करता चर्चच्या कमिटीवर बसते. कमिटीत इतरही माणसं आहेत म्हणे. पण माई 'नाही' म्हणाली की तिथलं पान हलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणूनच तर आज पाळकसाहेब जेवायला आले होते. तरुण माणूस, दाढी अजून नीट भरलेली नाही. त्यांना माईचं 'हो' हवं होतं, आणि ते मागायचा धीर दुसऱ्यांदा भात वाढून घेतला तरी होत नव्हता.

'हो' हवं होतं ते बाकांसाठी. चर्चमधली बाकं जमिनीला स्क्रूने घट्ट बसवलेली. ती काढायची, मधली जागा मोकळी करायची, रविवारी खुर्च्या गोल मांडून बसायचं आणि बाकीचे दिवस दारं उघडी ठेवायची. दिवसभर घरात एकटी बसणारी म्हातारी माणसं येतील, कुणी पेपर वाचेल, कुणी कुणाशी बोलेल. ही कल्पना मिस्त्रीच्या मुलीची, म्हणजे माईच्या पुतणीची. ती हॉस्पिटलात नर्स. घरी न्यायला कुणी येत नाही म्हणून खाटेवर पडून राहिलेली माणसं ती रोज बघत असे. पाळकसाहेबांना कल्पना पटली. मिस्त्रीलाही पटली, पण त्याने ती मान खाली घालून पटवून घेतली, कारण बाकं त्याच्या बापाने केलेली होती आणि काढायची वेळ आली तर पेचकस त्यालाच हातात घ्यावा लागणार होता.

शेवटी तोंड फोडलं ते पुतणीनेच.

"आत्या, आज तू त्या बाईला उठवलंस."

"उठवलं नाही. सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"ही जागा कुणाची तरी आहे म्हणून."

"अख्खं चर्च रिकामं होतं, आत्या! मोजून चौदा डोकी. आणि तुला तीच एक जागा भरलेली दिसली?"

"आईऽ, जेव तू आधी," मिस्त्री मुलीला म्हणाला. मुलीवर रागावला की तो तिला 'आई' म्हणे.

झालं होतं ते एवढंच. पहिलं गीत संपून दुसरं सुरू झालं होतं. दार वाजलं, आणि निळा एप्रन घातलेली एक बाई आत आली. डावीकडच्या तिसऱ्या बाकाशी थांबली, कडेच्या जागेवर ठेवलेलं गीतांचं पुस्तक तिने उचललं, मांडीवर घेतलं आणि बसली. शेजारी बसलेली माई तिच्याकडे वळून हळूच बोलली. आवाज चढवला नाही, कपाळाला आठीही घातली नाही. बाईने "माफ करा" म्हटलं, पुस्तक होतं तसं ठेवलं, उठली, आणि दुसऱ्या बाकावर न जाता सरळ दाराबाहेर गेली. गीत चालूच होतं. पण चौदा माणसांचं गीत ते, त्यात पावलं बुडत नाहीत.

"ती जागा कुणाची आहे हे तुला माहीत आहे," माई म्हणाली.

"माहीत आहे. धाकट्या काकाची. जन्मल्यापासून ऐकतेय. माझ्या लग्नात पाहुणे उभे होते, आत्या, आणि ती जागा रिकामी होती!"

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "मला ही गोष्ट अर्धीमुर्धीच ठाऊक आहे."

"मग पुरी ऐका," माई म्हणाली. चमचा खाली ठेवला.

आणि तिने सांगितली. सांगताना तिचा आवाज नकळत मऊ झाला, कारण त्या गोष्टीत बाबा होते. बाबा सुतार. चर्च बांधून झालं तेव्हा बाकं करायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी काय करावं? गल्लीतली सगळी पोरं अंगणात ओळीने बसवली, मग मोठी माणसं बसवली, मग जाड माणसं निवडून बसवली, आणि प्रत्येक वेळी टेप धरून माप घेतलं. लाकूड कापताना मात्र प्रत्येक बाक मापापेक्षा एका माणसाइतकं लांब कापलं. कमिटीतले लोक बाबांना म्हणाले, मिस्त्री, चुकलात. बाबा म्हणाले, चुकलो नाही. कुणीतरी उशिरा येणारच. आलेल्याला सगळ्यांचे गुडघे ओलांडून आत शिरावं लागलं, तर पुढच्या खेपेला तो येणार नाही. म्हणून कडेची जागा मोकळी सोडायची. उशिरा येणाऱ्याची.

तेव्हा चर्च गच्च भरत असे. माई लहानपणी पुढच्या माणसांच्या माना बघत बघत वाढली. कुणाची मान जाड, कुणाची सुरकुतलेली, कुणाच्या कॉलरला आतून ठिगळ. तोंडावरून न ओळखता येणारी माणसंही तिला मानेवरून ओळखता येत. प्रार्थनेला डोळे मिटले की खोकल्यांवरून कळे, कोण आलंय आणि कोण नाही.  आता पुढे मानाच नाहीत, नुसत्या बाकांच्या पाठी आहेत.

धाकटा बेकरीत लागला होता. भट्टीचं काम पहाटे सुरू होई आणि उपासना सुरू झाल्यावर संपे. तो धावत यायचा, केसांत पीठ, आणि कडेला बसायचा. मागे वळून बघायची गरजच नसे. पावाचा ताजा वास आला की आई हसायची आणि जरा सरकायची. एका रविवारी तेव्हाच्या पाळकांनी वाचन थांबवलं आणि समोरूनच म्हणाले, "वेळेवर येत चला. हे देवाचं घर आहे, धर्मशाळा नाही." धाकटा उंबऱ्यावरच होता. तिथूनच वळला तो वळलाच. मग गाव सोडलं, दुसरीकडे बेकरी टाकली. आईने पुढच्या रविवारी कडेच्या जागेवर गीतांचं पुस्तक ठेवलं. आई गेल्यावर माईने ठेवलं. कितीतरी वर्षं.

"म्हणून बाकं काढायची नाहीत," माई म्हणाली. "तुमच्या त्या गोल खुर्च्यांत तो आला तर बसेल कुठे? त्याला घर ओळखू यायला नको?"

 पाळकसाहेब ताटाकडे बघू लागले. पुतणीचे डोळे भरले होते, पण जीभ ऐकेना.

"म्हणजे तेव्हाचे पाळक काकाच्या बाबतीत चुकले, आणि आज आपण त्या बाईच्या बाबतीत तेच केलं."

"तोंड सांभाळ!" मिस्त्री ओरडला. आतापर्यंत मुलीच्या बाजूने असलेला हा माणूस एकदम बहिणीच्या बाजूला जाऊन बसला. "तुझ्या आत्याने त्या जागेसाठी काय काय केलंय, तुला कल्पना नाही. नकोतच बाकं काढायला. मी हात लावणार नाही."

पाळकसाहेबांचा चेहरा पडला. बेत फिसकटला, असं सगळ्यांना वाटलं. आणि तेव्हा इतका वेळ काहीच न बोललेली भावजय, मिस्त्रीची बायको, पाण्याचा जग घेऊन आली. बाकं ठेवायची की काढायची, या वादात ती सुरुवातीपासून माईच्या बाजूची. तिने माईच्या पेल्यात पाणी ओतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली,

"माई, एक सांगू? रागावू नका. भाऊजींशी मी बोलते फोनवर. दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला."

मिस्त्रीने वर पाहिलं. "तू? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. या घरात त्यांच्याबद्दल सगळे बोलतात, विचारत कुणी नाही." ती पुन्हा माईकडे वळली. "दर वेळी एकच विचारतात. माई अजून जागा धरून बसलीय का? मी म्हणते, हो. मग हसतात. मागच्या खेपेला हसले नाहीत. म्हणाले, वहिनी, जागा राखली खरी, पण मला 'ये' असं कुणी म्हटलंच नाही."

माईने पेला उचलला, आणि पाणी न पिताच खाली ठेवला. राग यायला हवा होता, तो आला नाही. आली ती लाज, आणि तीही अशी की कानांच्या पाळ्या तापल्या. आपण पुस्तक ठेवत राहिलो. रविवारमागून रविवार. आणि त्याला वाटत राहिलं, की आपल्याला कुणी बोलावत नाही.

ती उठली. "ती बाई तुझ्या हॉस्पिटलातली ना गं? निळा एप्रन."

"लाँड्रीतली," पुतणी म्हणाली. "चहाच्या सुट्टीत आली असेल. आता कामावरच असेल. पण आत्या, तू आत्ता..."

"चल."

"जेवण?" मिस्त्रीने विचारलं.

"झाकून ठेवा," भावजय म्हणाली. "जाऊ द्या त्यांना."

हॉस्पिटल चर्चच्या समोरच, रस्ता ओलांडला की आलं. लाँड्री मागच्या बाजूला, तळघरात. पायऱ्या उतरताना माईचे गुडघे कुरकुरले. तिने त्यांना गप्प बसवलं. आत वाफ होती, यंत्रांची घरघर होती, आणि नुकत्याच वाळलेल्या चादरींचा साबणाचा ऊन ऊन वास होता. ती बाई टेबलाशी एकटीच मोठ्या चादरीशी झटत होती. माईला पाहून ती चपापली. पुतणी दारातच थांबली.

"मी लगेच गेले होते," बाई म्हणाली. "काही राहिलं का माझं?"

 माईने जन्मभर कापडाशी व्यवहार केलेला. तिने चादरीचं दुसरं टोक उचललं. दोघींनी ताण दिला, घडी घातली, जवळ आल्या, टोकं जुळवली, पुन्हा लांब झाल्या. दुसऱ्या चादरीला माई म्हणाली,

"सकाळी माझं चुकलं."

"छे हो. उशीर माझाच झाला. आमची सुट्टी होते तेव्हा तुमचं गाणं निम्म्यावर आलेलं असतं." ती जवळ आली, टोकं माईच्या हातात देऊन गेली. "इथे खिडकीतून ऐकू येतं. आई गेली माझी, गेल्याच महिन्यात. आठवण आली की कुठे जाऊन बसावं तेच कळत नाही. खोलीत आम्ही सहा जणी. म्हटलं, तिथे बसावं थोडा वेळ. मी तुमच्यातली नाही, बसलेलं चालतं की नाही तेही माहीत नव्हतं."

"मग तिथेच का बसलीस? मागची सगळी बाकं मोकळी होती."

बाईला प्रश्नाचंच नवल वाटलं.

"तिथे पुस्तक ठेवलेलं होतं ना. बाकी कुठेच नव्हतं. मला वाटलं, उशिरा येणाऱ्यासाठी ठेवलंय."

माईच्या हातातून चादरीची टोकं सुटली. बाबा टेप धरून अंगणात उभे असलेले तिला दिसले, आणि पोरांची ती ओळ. बाबांनी लाकडात जे सांगून ठेवलं होतं ते या बाईला दारातून दिसलं, आणि आपण शेजारी बसून इतकी वर्षं ते झाकून ठेवलं. माई रडली. तोंड न लपवता रडली. बाईने चादर तशीच टेबलावर टाकली आणि काही न विचारता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आई आपली गेलेली आणि धीर दुसऱ्याला द्यायचा, हे तिला काही जड गेलेलं दिसलं नाही.

वर आल्यावर माईने पुतणीच्या फोनवरून भावजयीला फोन केला, धाकट्याचा नंबर मागून घेतला, आणि लगेच लावला. थांबली असती तर लावला नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"कोण?" आवाज म्हातारा झाला होता.

"मी. माई."



"कोण गेलं?" धाकटा म्हणाला.

"कुणी गेलं नाही. कुणी गेल्याशिवाय फोन करू नये का?"

"आजवर केला नाहीस म्हणून विचारलं."

"नाही केला," माई म्हणाली. "चुकलं माझं. रविवारी ये."

"चर्चला?"

"जेवायला. चर्चचं तुझं तू बघ."

 पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. "इथली गाडी दुपारी पोचते. तुमचं जेवण व्हायचं तोवर. उशीर होईल."

"होऊ दे," माई म्हणाली. "उशीर झाला तरी ये."

माईने 'हो' म्हटलं, आणि त्या आठवड्यात बाकं निघाली. मिस्त्रीने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बापाने बसवलेले स्क्रू, त्यांनी कुठे सहज निघावं! प्रत्येक स्क्रूला तो आधी शिव्या देई, मग निघाला की एप्रनच्या खिशात जपून टाकी. माई दुरून बघत राहिली. जमिनीवर बाकांच्या जागी फिकट पट्टे उमटले होते, आणि ती त्यांवर चालताना नकळत पाय उचलून टाकत होती. कितीदा तरी वाटलं, पुरे, ठेव परत. पण बोलली नाही. डावीकडचं तिसरं बाक मोकळं झालं तेव्हा मात्र पुढे झाली.

"हे कुठे ठेवू?" मिस्त्रीने विचारलं. "घरी नेऊ का?"

"दाराशी ठेव. आतल्या अंगाला. आणि स्क्रू मारू नकोस."

"तिथे कोण बसणार?"

"मी बसेन."

रविवारी खुर्च्या गोल मांडल्या होत्या. सगळ्यांना एकमेकांची तोंडं दिसत होती आणि सवय नसल्यामुळे कुणी कुठे बघावं ते कळत नव्हतं. पाळकसाहेबांना उभं कुठे राहावं हेच ठरवता येईना. शेवटी तेही एका खुर्चीवर बसले. भावजय समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे बघून हसली. ते वर्षानुवर्षं तिच्या मागच्या बाकावर बसत आलेले. त्यांना डाव्या गालावर तीळ आहे हे तिला आज कळलं.

माई दाराशी बाकावर होती. तिने आधी सवयीने पुस्तक कडेला ठेवलं. मग उचलून मांडीवर घेतलं. जागा नुसती रिकामी ठेवली. घरी ओट्यावर एक ताट वाढून झाकलेलं होतं, आणि गाडी दुपारची होती. 

पहिलं गीत संपलं. दुसरं सुरू झालं. दार वाजलं.

गोलातल्या सगळ्यांनी वर पाहिलं. या वेळी निम्म्यांना तरी मागे वळावं लागलं नाही, त्यांना आलेलं माणूस नीट दिसलं. माईने मात्र मान फिरवली नाही. साबणाचा, ऊन कापडाचा वास तिच्यापर्यंत आला आणि ती आईसारखीच जरा सरकली.

निळा एप्रन बाकाशी येऊन थांबला. बसला नाही. गेल्या रविवारचं लक्षात होतं.

"ही जागा कुणाची आहे का?" बाईने हळू विचारलं.

"आहे," माई म्हणाली, आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. "उशिरा येणाऱ्याची. बस."